फळगळीचा तास

सकाळी ८.३०
पोळा चार दिवसांवर आलाय. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याहून स्कूटीने निघालं की शाळेपर्यंत संत्र्याच्या बागा. अंबिया बहाराची फळं अजून हिरवीच आहेत आणि बरीचशी झाडाखाली पडलेली. शाळेजवळच्या बागवाल्या दादांना विचारून पिशवीभर उचलली. सहावीच्या धड्याचं सामान झालं.

१०.३०
प्रार्थना, हजेरी. पुस्तक हिंदीत, घर मराठीत. मुलं भांडतात मात्र दोन्हींत.

११.१५
प्रत्येकाला एक फळ, सुरी माझ्याकडे. काहींच्या देठाशी काळपट सड दिसली. बागेत पाणी साचलं की बुरशी लागते, त्यातली ही. काही फळं वरून धड होती. आणि काहींच्या सालीवर टाचणीच्या टोकाएवढं भोक, भोवती पिवळा डाग, आत सडका गर. हा पतंगाचा उद्योग. अंधार पडला की तो येतो, सोंड खुपसून रस पितो. फळ तिथून सडतं आणि गळतं. त्याची अळी मात्र संत्र्याला तोंड लावत नाही. ती वाढते गुळवेलीवर, वासनवेलीवर. म्हणून धुऱ्यावरच्या या वेली उपटा, असं शेतकऱ्यांना सांगतात.

"मंग ताप आल्यावर आजी काढा कायचा देईन, मॅडम?"

"आमच्या बाबानं उपटली, पण शेजाऱ्याच्या धुऱ्यावर हायेच. पतंग काय धुरा पाहून उडते?"

दोन्ही प्रश्न फळ्यावर लिहिले. उत्तराची जागा रिकामी ठेवली. पर्यावरण शाळेत सक्तीने शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सांगितलं. चांगलंच झालं, पण प्रश्नपत्रिकेपर्यंत येता येता त्याचं 'प्रदूषणाचे प्रकार लिहा' होतं.

दुपारी १.३०
जेवण. ताटं धुतलेलं पाणी परसबागेतल्या दोडक्यांना.

२.३०
इको क्लबची वही. ५ जूनला, पर्यावरण दिनाला, आमच्याकडे उन्हाळी सुट्टी असते आणि जमीन तव्यासारखी तापलेली, म्हणून रोपं आम्ही जुलैत लावतो. रोप हातात धरलेल्या मुलांचे फोटो या वहीत भरपूर आहेत. मागच्या वर्षीची किती जगली, हा रकानाच नाही. मीच पट्टीने एक आखला.

३.३०
गळालेली फळं उघड्यावर टाकायची नाहीत, म्हणून खड्डा खणून पुरली. माती लोटता लोटता एकीला कुंपणाच्या निंबावर चढलेली गुळवेल दिसली. उपटायची की ठेवायची? वर्गाचे दोन तट. निकाल बागवाल्या दादांवर सोपवला.

सायंकाळी ६.३०
दादा बागेत ओलं गवत आणि निंबाचा पाला पेटवून धूर करत होते. पतंग फिरकू नये म्हणून. जवळ राहणारी चार-पाच पोरं बॅटरी घेऊन हजर होती. वेलीचं विचारलं तर दादा म्हणाले, "शाळेतली राहू द्या जी. पण पानं कुरतडलेली दिसली की त्याच दिवशी मले सांगा."

उद्यापासून पानं तपासायची पाळी सहावीची. पहिलं नाव आजीवालीचं.