शिकविणाऱ्याचे शिकणे

कारखान्यांतील कामगारांस काम शिकविण्याची एक पद्धती अमेरिकेत १९४० ते १९४५ या युद्धकाळात रूढ झाली. चार्ल्स अ‍ॅलन याने १९१९ साली मांडलेल्या चार पायऱ्यांवर ती आधारलेली होती. शिकणाऱ्याची पूर्वतयारी करणे, काम समजावून व करून दाखविणे, ते त्याच्याकडून करवून घेणे आणि पुढेही त्याकडे लक्ष ठेवणे, ह्या त्या पद्धतीच्या पायऱ्या होत. हर्बार्टच्या पंचपदीप्रमाणे पाठाची टाचणे काढलेल्या शिक्षकास हा क्रम परिचित वाटेल.

आपल्या प्रशिक्षणवर्गांत पहिल्या दोन पायऱ्या बहुधा होतात. पुढील दोन राहून जातात. शिक्षकाने स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास द्यावेत, अशी २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाची अपेक्षा आहे. हे तास केवळ ऐकण्यात गेले, तर हजेरीपत्रक भरते. परंतु हातच्याची वजाबाकी न उमजलेले मूल तसेच वरच्या इयत्तेत जाते.

यास्तव शिक्षकबंधुभगिनींनी एवढे अवश्य करावे. प्रशिक्षणाहून परतल्यावर आठ दिवसांच्या आत, शिकलेली एकच गोष्ट आपल्या वर्गात करून पाहावी. तो पाठ पाहावयास सहकाऱ्यास किंवा शेजारच्या शाळेतील शिक्षकास बोलवावे. मुलांना काय समजले व कोठे अडले, हे टिपून ठेवावे आणि ती टिपणे पुढील शिक्षण परिषदेत मांडावीत. शिक्षकाचे शिकणे पुरे झाले की नाही, हे मुलांच्या पाटीवरूनच कळते.