महाडचा पूर, हायड्राचं डोकं आणि बदलाची समीकरणं

पावसाळ्यात महाडमध्ये दोन प्रश्न हमखास विचारले जातात. महाबळेश्वरला किती पडतोय? आणि भरती किती वाजता आहे? पाणी आत्ता कुठे आहे यापेक्षा ते किती वेगाने चढतंय, यावर सामान माळ्यावर टाकायचं की नाही ते ठरतं. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. वरून येणारं पाणी वजा खाली जाणारं पाणी, म्हणजे पातळीतला बदल. भरती असली की खाली जाणारं पाणी तुंबतं आणि वजाबाकी बिघडते. जुलै २०२१ मध्ये महाडकरांनी ही वजाबाकी घराघरांत शिरलेली पाहिली.

हे जे वाक्य मी लिहिलं, तेच गणिताच्या भाषेत अवकल समीकरण, म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन. किती आहे हे सोडून किती वेगाने बदलतंय हे सांगणारं.

आता नदीच्या जागी एक पेशी धरा आणि पाण्याच्या जागी एखादं प्रथिन. जनुकावरून नवं प्रथिन बनतंय, ते वरून येणारं पाणी. जुनं मोडीत निघतंय, ते खाली जाणारं. फरक एकच, पण मोठा आहे. सावित्रीचं पाणी महाबळेश्वरच्या पावसाला हुकूम सोडत नाही. पेशीतलं प्रथिन मात्र स्वतःच्याच जनुकाला ‘अजून बनव’ किंवा ‘बास’ असं सांगू शकतं. खरी गंमत इथून सुरू होते.

माझ्या भाचीने दहावीच्या निकालानंतर विचारलं होतं, ‘‘मामा, बायो घेतलं की गणिताची कटकट सुटते ना?’’ आपल्याकडे बहुतेकांची हीच समजूत असते. पुढचं सगळं खरं तर तिच्यासाठी आहे.

गर्भातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात. मग डोकं इथे आणि पाय तिथे, हे कोण ठरवतं? संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ साली याला एक विचित्र उत्तर दिलं. दोन रसायनं एकमेकांवर परिणाम करत असतील आणि वेगवेगळ्या वेगाने पसरत असतील, तर एकसारख्या पेशींत आपोआप ठिपके किंवा पट्टे उमटू शकतात. विचित्र अशासाठी, की पसरण्याने एरवी फरक पुसले जातात. चहात साखर पसरते तशी. इथे पसरण्यामुळेच फरक तयार होतो! त्यांनी दिलेली उदाहरणं होती हायड्राच्या शुंडकांची आणि खोडाभोवती वर्तुळात येणाऱ्या पानांची. अशी पानं बघायला लांब जायला नको, आपली सातवीण आहेच. आणि नाव सप्तपर्णी असलं तरी दर वेळी सातच पानं सापडतील असं नाही, मोजून बघा.

१९७२ मध्ये आल्फ्रेड गिरर आणि हान्स माइनहार्ट यांनी ही कल्पना अधिक नेमकी केली. मुंबई-गोवा हायवेवरून समजून घेऊ. एका टपरीवर चार गाड्या थांबल्या की त्या बघून आणखी थांबतात. गर्दी गर्दीला खेचते. हा झाला ‘उत्तेजक’. पण पोट भरलेल्या गाड्या पुढे कित्येक किलोमीटर कुठेच थांबत नाहीत, म्हणून जवळपासची दुसरी टपरी चालत नाही. हा ‘रोधक’. गर्दी जागच्या जागी राहते, भरलेलं पोट दूरवर जातं. परिणामी चालणाऱ्या टपऱ्या ठरावीक अंतरावर उरतात, कोणी नकाशा आखून न देता.

हायड्रा हा गोड्या पाण्यातला काही मिलिमीटरचा जीव. मधून कापला तर खालचा तुकडा नवं डोकं बनवतो. समीकरणांनुसार डोकं स्वतःला वाढवणारं काहीतरी बनवत असणार आणि दुसऱ्या डोक्याला अडवणारंही. हे ‘काहीतरी’ बराच काळ कागदावरच होतं. पुढे डोक्याच्या जागी ‘विंट’ नावाचे संदेश देणारी प्रथिनं सापडली. २०१९ मध्ये जीनिव्हाच्या गटाने ‘एसपी५’ हे जनुक विंटला लगाम घालतं असं दाखवलं. ते दाबलं तेव्हा एकाच हायड्राला अनेक डोकी फुटली. लगाम सुटला तर हेच व्हायला हवं होतं.

पण भाबडेपणा नको. फळमाशीच्या गर्भात सात सुबक पट्टे दिसतात. ट्युरिंगची समीकरणं इथे अगदी चपखल बसतील असं वाटलं होतं. प्रत्यक्षात डीएनएतले वेगवेगळे तुकडे वेगवेगळे पट्टे सांभाळतात असं निघालं. समीकरण सुंदर असणं हा पुरावा नव्हे, प्रयोगशाळेत जावंच लागतं.

अशी प्रयोगशाळा आपल्यापासून लांब नाही. एडिंबरोला वॉडिंग्टन यांच्याकडे काम करून आलेल्या डॉ. लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठात भ्रूणविकासाच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. ट्युरिंग यांच्या लेखात ज्यांचा संदर्भ येतो तेच हे वॉडिंग्टन. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने हायड्रावर काम केलं. आणि पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र आणि गणित, दोन्हींचे प्रश्न असतात. अकरावीला दोन्ही विषय घेता येतात, हे भाचीला ठाऊकच नव्हतं.

घरच्या कॉम्प्युटरवर करून बघायचं असेल तर स्प्रेडशीट पुरे. पहिल्या चौकटीत एक संख्या लिहा. पुढची चौकट अशी काढा: मागची संख्या, अधिक उत्पादन, वजा मागच्या संख्येचा दहावा भाग. उत्पादन कायम ५ ठेवलं तर सुरुवात कुठूनही करा, आकडा ५० वर येऊन स्थिरावतो. आता प्रथिनाला स्वतःचं उत्पादन वाढवू द्या. मागच्या संख्येचा वर्ग गुणिले १०, भागिले (तोच वर्ग अधिक ४००), हे नवं उत्पादन. दोन-तीनशे ओळी खाली ओढा. सुरुवात ३ ने केलीत तर आकडा शून्याकडे विझत जातो. ५ ने केलीत तर रेंगाळत रेंगाळत वर चढतो आणि ९६ च्या जवळ थांबतो. पेशी तीच, सूत्र तेच, सुरुवातीला फरक फक्त दोनचा.