सम की विषम? डोकं इथे भागाकार करत नाही

३७ सम की विषम? उत्तर द्यायला तुम्हाला सेकंदभरही लागला नसेल. आता ३६. आणि आता ०.

शेवटच्या संख्येला जरासं थबकल्यासारखं झालं असेल, तर ते अगदी स्वाभाविक आहे. गणितात सम संख्येची व्याख्या एका ओळीची आहे: २ ने नि:शेष भाग जातो ती सम. या व्याख्येपुढे ०, ६ आणि ५८ सारखेच. कॉम्प्युटरलाही सारखेच, कारण तो फक्त शेवटचा बिट बघतो. माणसाच्या डोक्याला मात्र ते सारखे नाहीत, आणि हा फरक मिलिसेकंदात मोजता येतो. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना हा विषय मला मुद्दाम सांगावासा वाटतो. याला महागडी यंत्रं लागत नाहीत, आणि मराठी बोलणाऱ्या माणसाकडे यासाठी लागणारा उत्तम कच्चा माल जन्मापासून असतो. तो कोणता, ते पुढे येईलच.

आधी एक साधा भेद. आमच्या जानेफळात, म्हणजे मेहकर तालुक्यात, मुठीत चिंचोके धरून 'एकी की बेकी?' असं विचारायचा खेळ आहे. तुमच्याकडेही असेल. मूठ उघडली की दोन-दोन चिंचोके बाजूला काढायचे. शेवटी एकटा उरला तर एकी, नाही उरला तर बेकी. या खेळाला संख्येचं नावही माहीत असावं लागत नाही, जोड्या लावता आल्या की झालं. मधमाश्यांनाही हे जमतं म्हणा ना! स्कार्लेट हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मधमाश्यांना सम आणि विषम आकड्यांतले ठिपके वेगळे ओळखायला शिकवलं. मग शिकवताना न दाखवलेले ११ आणि १२ ठिपके समोर ठेवले, तेव्हा त्यांची सुमारे ७० टक्के उत्तरं बरोबर आली. मधमाशी आतून काय करते हा प्रश्न वेगळा, पण अंक वाचून तर ती उत्तर देत नाही, एवढं नक्की.

आपण '३७' हे चिन्ह बघतो तेव्हा जोड्याही लावत नाही आणि भागाकारही करत नाही. ७ म्हणजे विषम ही माहिती स्मरणात साठवलेली असते, ती फक्त उचलतो. आणि स्मरणातून उचललेल्या गोष्टींवर सवयीचा, भाषेचा, हाताचा असे सगळे रंग चढलेले असतात.

हे दाखवणारा गाजलेला अभ्यास १९९३ चा. स्तानिस्लास दहान, सर्ज बोसिनी आणि पास्कल जिरो या तिघांचा, पॅरिसमधला. मांडणी अगदी साधी. पडद्यावर एक अंक येतो, तो सम असेल तर एक बटण, विषम असेल तर दुसरं. अर्ध्या प्रयोगात सम उजवीकडे, उरलेल्या अर्ध्यात डावीकडे. यात ० ला सम म्हणायला इतर सम अंकांपेक्षा जास्त वेळ लागला, काही ठिकाणी तर ६० मिलिसेकंदांपर्यंत. म्हणजे सरासरी वेळेच्या दहा टक्क्यांच्या आसपास. हे लोक तरुण आणि शिकलेले होते. ० सम आहे हे त्यांना माहीत नव्हतं अशातला भाग नाही. माहीत असणं वेगळं आणि चटकन हाताशी येणं वेगळं.

०चा हा घोळ प्रयोगशाळेपुरता नाही. १९७७ मध्ये पॅरिसमध्ये गाड्यांवर सम-विषमचा नियम लावला, तेव्हा ० ने संपणाऱ्या गाडीला दंड करायचा की नाही हे पोलिसांनाच कळेना, म्हणून त्यांनी त्या गाड्या सोडून दिल्याची गोष्ट सांगतात. दिल्लीत जानेवारी २०१६ च्या पहिल्या पंधरवड्यात हा नियम आला, तेव्हा ० सम गटात धरला होता.

विषम अंकांचीही एक गंमत आहे. टेरेन्स हाइन्स यांनी १९९० मध्ये दाखवलं, की सम अंकाला 'सम' म्हणण्यापेक्षा विषम अंकाला 'विषम' म्हणायला लोक जास्त वेळ घेतात. याचं एक स्पष्टीकरण शब्दांकडे जातं. जोडीतला एक शब्द मूळ, साधा असतो आणि दुसरा त्यावर काहीतरी चढवून केलेला. मराठीत हे लख्ख दिसतं: सम, आणि त्याला 'वि' लावून विषम. विषमता, विषमज्वर... या शब्दाच्या वाट्याला बरं फारसं आलेलंच नाही. हान्स-क्रिस्टोफ नुर्क आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये असं मांडलं, की सम-उजवा आणि विषम-डावा या जोड्या जुळल्या की उत्तर लवकर येतं, कारण 'उजवा' हाही साधा शब्द आणि 'डावा' हा दुय्यम. मराठीत तर 'हा त्याच्यापेक्षा उजवा आहे' म्हणजे सरस आहे. डावलणं म्हणजे काय ते सांगायला नकोच.

इथे लगेच कुणी म्हणेल, आपल्याकडे तर विषम आकडा शुभ! आहेराच्या पाकिटात ५१ किंवा १०१, गणपतीला २१ दूर्वा. खरं आहे, पण लगेच 'तीन तिगाडा काम बिगाडा'ही आहेच. एखादी संख्या आवडणं ही एक गोष्ट, आणि तिच्यावर 'विषम' हे लेबल किती वेगाने चिकटतं ही दुसरी. एकीवरून दुसरीचा निष्कर्ष काढायचा नाही. 

१९९३ च्या अभ्यासाचं खरं नाव झालं ते मात्र वेगळ्याच गोष्टीमुळे. प्रश्न होता सम की विषम. संख्या लहान की मोठी हे कुणी विचारलंच नव्हतं. तरीही लहान अंकांना डाव्या बटणाने लवकर उत्तर येत होतं आणि मोठ्या अंकांना उजव्या. हातांची फुली करून बघितलं तरी परिणाम बाजूलाच चिकटून राहिला, हाताला नाही. ४ आणि ५ हे अंक ० ते ५ या पट्ट्यात 'मोठे' ठरले आणि ४ ते ९ या पट्ट्यात 'लहान'. डोक्यात संख्यांची एक रेघ असते, डावीकडून उजवीकडे जाणारी, आणि ती न विचारता जागी होते असा याचा अर्थ लावला गेला. मला या अभ्यासातली ही युक्तीच सगळ्यात आवडते. जे जाणून घ्यायचं ते विचारायचंच नाही, भलतंच विचारायचं आणि उत्तराच्या वेळेत ते सापडतं का बघायचं.

ही रेघ येते कुठून? २००९ मध्ये शाकी, फिशर आणि पेट्रुसिक यांनी तीन गट घेतले. शब्द आणि अंक दोन्ही डावीकडून वाचणाऱ्या कॅनडातल्या लोकांत नेहमीचा परिणाम दिसला. दोन्ही उजवीकडून वाचणाऱ्या पॅलेस्टिनी लोकांत तो उलटा झाला. हिब्रू उजवीकडून पण अंक डावीकडून वाचणाऱ्या इस्रायली लोकांत ठाम असा दिसलाच नाही. आता आपल्याकडे बघा. बुलढाणा जिल्ह्यात मराठी शाळाही आहेत आणि उर्दू शाळाही. उर्दूत अक्षरं उजवीकडून, अंक डावीकडून. एकाच गावातली, सारख्याच वातावरणातली मुलं, फरक वाचण्याच्या दिशेचा. अशी तुलना परदेशातल्या माणसाला मुद्दाम जुळवून आणावी लागते.

आता तो कच्चा माल. मराठीत २१ ते ९९ म्हणताना एकक आधी येतो: बा-सष्ट, चौ-सष्ट. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'सोबत 'वीस सात' अशी वाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. समितीचं म्हणणं असं, की ऐकताना आधी सात आणि लिहिताना आधी दोन ही उलटापालट आणि त्यात जोडाक्षरं मुलांना जड जातात. विरोधकांचं म्हणणं, भाषा मोडू नका. माझ्या मते या वादात मोजण्यासारखं बरंच होतं आणि बोललं गेलं त्यापेक्षा जास्त. जर्मनमध्येही एकक आधी येतो. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना ऐकून संख्या लिहायला लावली, तेव्हा जवळजवळ निम्म्या चुका या उलटापालटीशी जोडलेल्या निघाल्या (झुबर आणि सहकारी, २००९). चेक भाषेत तर दोन्ही पद्धती चालतात. तिथे त्याच मुलांकडून एकक-आधी रूपात या चुका जास्त झाल्या. म्हणजे समितीची शंका हवेतली नव्हती.

पण काम बदला. लिहू नका, फक्त सम की विषम सांगा. आता मराठी नाव फायद्याचं ठरायला हवं. 'बासष्ट'मधला 'बा' कानावर पडला की उत्तर हातात, साठ यायची वाटच बघायची नाही. 'साठ दोन'मध्ये शेवटपर्यंत थांबावं लागतं. एकच नाव एका कामाला ओझं आणि दुसऱ्या कामाला सोय. म्हणून 'मराठी संख्यानावं अवघड आहेत का?' हा संशोधनाचा प्रश्नच होत नाही. कोणत्या कामासाठी, किती वयाच्या मुलाला, ऐकून की बघून, हे घातल्यावर तो होतो.

नावांत अजून बारकावे आहेत. २ एकक असलेली नावं बावीस ते ब्याण्णव सगळी 'ब'ने सुरू होतात, आणि 'ब' म्हणजे सम. पण 'स' ऐकलात तर? सव्वीस असेल, सत्तावीसही असेल, एक सम आणि एक विषम. 'प'चंही तसंच, पस्तीस की पन्नास? आणि सगळ्यात सुंदर उदाहरण एकोणतीस. लिहिताना २९, पण नावात नऊही नाही आणि वीसही नाही. तीसला एक उणा, एवढंच. तरी 'एक' ऐकताच विषम म्हटलं तर चालतं, कारण 'एक'ने सुरू होणारं नाव एकवीससारखं असो की एकोणतीससारखं, संख्या विषमच निघते.

करून बघायचं तर सायकोपाय हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक हेडफोन पुरे. संख्यानावं ध्वनिमुद्रित करा, वेळ शब्दाच्या सुरुवातीपासून मोजा, पण शब्दाची लांबीही नोंदवा, कारण 'तीस' आणि 'एकोणचाळीस' संपायला सारखा वेळ लागत नाही. पंचवीस, पन्नास अशी रोजच्या व्यवहारातली नावं वेगळी काढा, ओळखीचा शब्द तसाही लवकर कळतो. बटणांची बाजू अर्ध्यावर बदला, डावखुरे वेगळे नोंदवा. मुलं असतील तर पालकांची लेखी संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी, प्रयोग नंतर. आणि अंदाज आधीच कागदावर लिहून ठेवा: 'ब'ची नावं लवकर, 'स'ची उशिरा, आणि तेच आकडे पडद्यावर दाखवले की हा फरक गायब. पडद्यावरही फरक राहिला, तर तो कानामुळे नाही, आणि मग आकडा बघतानाही आपण मनात त्याचं नाव घेतो का, हे शोधायला दुसरा प्रयोग लावावा लागेल.