बारीक माणसाची चरबी

नागपुरात धंतोलीतल्या कुठल्याही दवाखान्यात घटकाभर बसलं, की हे वाक्य कानावर येतंच: "मी तर इतका बारीक, मला शुगर कशी?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं निम्म्याहून अधिक उत्तर आपल्या महाराष्ट्रातच सापडलं, याचा मला अभिमान वाटतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एकच: २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. हा फरक जन्मापासूनचा आहे. याज्ञिकांच्या चमूने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंत कमी पडली, पाठीवरच्या चरबीत मात्र जवळपास बरोबरीला होती.

चरबी ही शरीराची कोठी. कातडीखालच्या मेदपेशी जेवणातली जास्तीची ऊर्जा साठवतात आणि ॲडिपोनेक्टिनसारखी संप्रेरकं रक्तात सोडून इन्सुलिनला साथ देतात. नव्या मेदपेशी घडवण्याचं काम पीपीएआर-गॅमा या जनुकाच्या हुकमावर चालतं. ते मंदावलं, की जुन्याच पेशी फुगतात, त्यांच्यातली दाह वाढवणारी जनुकं जागी होतात, ॲडिपोनेक्टिन घटतं आणि न मावलेली चरबी यकृतात, स्नायूंत उतरते. मग इन्सुलिन असूनही त्याचा अंमल चालत नाही. पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी याच जनुकाने घडवलेल्या प्रथिनाला चेतवते. ती घेणाऱ्याचं वजन थोडं वाढतं आणि साखर उतरते! चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे आणि काय करते आहे हे महत्त्वाचं, याचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

२०११मध्ये केएलएफ-१४ हे जनुक पुढे आलं. चरबीतल्या इतर अनेक जनुकांचं काम ते कमीजास्त करतं, आणि त्याच्या दोन प्रतींपैकी आईकडून आलेलीच चालते. एफटीओ या आणखी एका जनुकाचीही गोष्ट बघा. २००७ साली युरोपीय लोकांमध्ये त्याचा मधुमेहाशी संबंध दिसला, तो वाढत्या वजनामार्फत. पुण्याचं केईएम आणि हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था यांनी २००९मध्ये भारतीयांत तपासलं, तेव्हा बीएमआयचा हिशेब वेगळा काढल्यावरही तो संबंध उरलाच. परक्यांच्या चरबीवरून आपला रोग पुरता कळणार नाही, असं मी म्हणतो ते यासाठी.

म्हणून विदर्भातल्या लोकांच्या चरबीचाही असा अभ्यास व्हायला हवा. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत रुग्णाच्या संमतीने चिमूटभर चरबी घेतली, तरी तिच्यातली कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद हे वाचता येतं. खेड्यातली माणसं साथ देतात, हेही इथे दिसलेलं आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने २००६ ते २००९मध्ये आसपासच्या आठ गावांतल्या ४,७११ जणांची डोळ्यांसकट तपासणी केली होती.

पुणेकर तर पुढच्या पिढीपर्यंत पोचले. १९९३च्या अभ्यासातल्या आयांची मुलं वयात आली, तेव्हा २०१२पासून त्यांना बी-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकं देऊन पाहणं सुरू झालं. त्यांच्या पोटी येणाऱ्या बाळांची चरबी गर्भातच नीट घडावी, यासाठी.