वैल, विजेचे भांडे आणि मोठे मांस

चुलीच्या मुख्य तोंडावर भाकरी भाजली जात असता बाजूला जे दुसरे, जाळ थेट न पोचणारे तोंड असते, त्यास वैल म्हणतात. आमटी, दूध किंवा शिजत आलेले मटण वैलावर सरकवून गृहिणी इतर कामांस लागे. स्लो कुकर नावाचे विजेचे भांडे म्हणजे या वैलाचीच नवी आवृत्ती होय. त्याचे मूळही असेच घरगुती आहे. शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवावयाचा नाही, म्हणून लिथुआनियातील ज्यू कुटुंबे आदल्या सायंकाळी मांस व कडधान्याचे भांडे भटारखान्याच्या निवत्या भट्टीत ठेवीत. आईकडून ऐकलेल्या या हकिकतीवरून अमेरिकेतील आयर्व्हिंग नॅक्सन यांना विजेच्या भांड्याची कल्पना सुचली. त्याचे पेटंट त्यांना 1940 मध्ये मिळाले, आणि 1971 पासून ते ‘क्रॉक-पॉट’ या नावाने घरोघर गेले.

भांड्याबरोबर परदेशी पाककृतीही आल्या. ‘सरलॉइनचा तुकडा सकाळी घालावा, सायंकाळी काढावा’ असे त्यांत लिहिलेले असते. बेळगाव-निपाणीच्या बाजारातील मोठे मांस आणून कोणी तसेच केले, तर पदरी बहुधा निराशा येते.

सरलॉइन म्हणजे जनावराच्या पाठीचा कमरेकडील भाग. त्यास पायांइतके श्रम नसतात, म्हणून त्यात चरबी व चिवट पडदे कमी. मंद आचेचा खरा उपयोग त्या पडद्यांतील कोलॅजनसाठी आहे. सुमारे 70 अंश सेल्सियसच्या पुढे काही तास राहिल्यावर ते विरघळून जिलेटिन होते आणि मांसास लुसलुशीतपणा येतो. जेथे कोलॅजनच थोडे, तेथे दीर्घ शिजवण्याने केवळ धागे आकसून पाणी बाहेर पडते. रश्शात बुडालेले मांसही कोरडे लागते ते यामुळे.

दुसरी अडचण वयाची. परदेशी पुस्तकातील जनावर साधारण दीड-दोन वर्षांचे असते. कर्नाटकात 2020 च्या कायद्यान्वये गाय, वासरू, वळू, बैल आणि तेरा वर्षांखालील म्हैस वा रेडा यांच्या कत्तलीस बंदी आहे. म्हणजे कायदेशीर मोठे मांस ते तेरा वर्षांवरील म्हशीचे किंवा रेड्याचे. (निपाणी ओलांडून कागलला पोचले की कायदा महाराष्ट्राचा, तेथे गाईखेरीज 2015 पासून वळू व बैल यांवरही बंदी आहे.) वय वाढते तसे कोलॅजनचे तंतू एकमेकांत घट्ट गुंततात आणि सहजी विरघळत नाहीत. तेव्हा पुस्तकातील सरलॉइन आणि येथील कमरेचे मांस, नाव एक असले तरी वस्तू दोन आहेत.

यावर पहिला उपाय दुकानातच करावा. मान, खांदा किंवा पोटरीचे मांस मागावे. ते स्वस्तही पडते. कमरेचेच मांस मिळाले तर मोठे तुकडे ठेवून त्यांबरोबर एखादी नळी व थोडी पोटरी घालावी. तुकडे आधी तापल्या कढईत कांदा-लसूण चटणीसह चांगले परतावेत, कारण मंद भांड्यात खमंगपणा येत नाही. पाणी बेताचे आणि कढत असावे. पपईचा कीस जपून वापरावा. मांस हळूहळू तापत असताना त्यास काम करण्यास फार अवधी मिळतो आणि वरचा थर पिठासारखा होतो. झाकण वरचेवर उघडू नये. बर्फातील गोठलेले मांस तसेच भांड्यात टाकू नये. 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात आणि गोठलेला तुकडा त्या टप्प्यात फार वेळ रेंगाळतो.

किती तास, हे घड्याळाने सांगता येत नाही. चौथ्या तासापासून काटा टोचून पाहावा. काटा अडखळला तर आणखी ठेवावे. सहज आत गेला की आच बंद करावी आणि वाढताना धाग्यांना आडवे, पातळ काप करावेत. पोटरीचे तुकडे मात्र अधिक वेळ मागतात, ते आतच राहू द्यावेत. उरलेला रस्सा गार कपाटात ठेवून दुसऱ्या सकाळी पाहिला आणि तो खरवसासारखा थिजलेला दिसला, तर कोलॅजन विरघळले असे खुशाल समजावे.