टेलिफोनची केबल: जाडीआधी जागा पाहा

टेलिफोनची केबल घ्यायची म्हटले की पहिला प्रश्न ‘तांबे किती जाड?’ हाच असतो. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास मात्र सांगतो की केबल बिघडली ती बहुतेक वेळा जागा न ओळखल्यामुळे. मुंबईत 1882 साली एक्सचेंज सुरू झाले, त्या काळी जगभर एकेरी लोखंडी तार खांबांवरून नेऊन परतीचा प्रवाह जमिनीतून आणण्याची पद्धत होती. शहरांत विजेचे दिवे आणि ट्राम आल्यावर याच जमिनीतून खरखर फोनमध्ये शिरू लागली. उपाय होता एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांचा. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने त्याचे पेटंट 1881 मध्येच घेतले होते. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच चढतो, आणि फोन त्यांच्यातला फरकच ऐकत असल्याने हा गोंगाट वजा होतो.

पुढे तारा जमिनीखाली गेल्या आणि पाणी हा नवा शत्रू उभा राहिला. कागदाचे वेष्टन आणि वर शिशाचे कवच अशा केबलमध्ये बारीकशा चिरेतून ओल शिरली तरी शेकडो जोड्या एकदम बंद पडत. म्हणून आत कोरडी हवा दाबाने भरून ठेवावी लागे. नंतर पॉलिथिनच्या वेष्टनाची, पोकळीत जेली भरलेली केबल आली आणि पावसाळ्यातली ही धास्ती बरीच ओसरली. पण जमिनीखाली गुणाची ठरलेली ही जेली इमारतीत अडचणीची: जोडणी करताना हात चिकट होतात, आणि पॉलिथिन सहज पेट घेते. जिन्याच्या डक्टमध्ये म्हणूनच जेलीविना, पीव्हीसी आवरणाची केबल योग्य.

जाड तांब्याने रोध कमी होतो, हे खरेच. 0.4 मिलिमीटरच्या जोडीचा जाऊन-येऊन रोध किलोमीटरला सुमारे 270 ओहम, तर 0.5 च्या जोडीचा 175 च्या आसपास असतो. एक्सचेंजपासून चार-पाच किलोमीटरवर हा फरक निर्णायक ठरतो. घरातल्या वीस मीटरांत तो जेमतेम दोन ओहमांचा. 2005 च्या सुमारास भारतात ब्रॉडबँड याच तारांवर आले आणि जाडीचा आग्रह आणखी लंगडा पडला. आवाजाला सुमारे 3,400 हर्ट्झपर्यंतची मर्यादा पुरते. तांब्याच्या तारांवरचे ब्रॉडबँड तंत्र एडीएसएल-2 प्लस 22 लाख हर्ट्झपर्यंत जाते. बोलणे निभावून नेणारी पीळ नसलेली चपटी वायर तिथे लगेच उघडी पडली.

आता फायबर आले, मग ही चर्चा कशाला, असे कुणी म्हणेल. पण सोसायटीचा इंटरकॉम आणि इस्पितळातले एक्स्टेन्शन आजही अनेक ठिकाणी तांब्याच्या जोडीवरच चालतात. नव्या कामात पूर्ण तांब्याची कॅट-6 ही नेटवर्क केबल टाकली तर चार जोड्या मिळतात. आज त्यांतल्या एकीवर फोन चालेल, उद्या त्याच केबलवर नेटवर्क. ती महाग पडते, हा आक्षेप बिलापुरता बरोबर आहे. मात्र पाइपातून वायर नीट ओढली जात नसेल, तर स्वस्त केबल बदलताना भिंत फोडण्याचा, प्लास्टरचा आणि रंगाचा खर्च त्या बचतीला केव्हाच गिळून टाकतो.