रद्दी कागदाची टोपली

कार्यानुभवाच्या तासासाठी रंगीत कार्डकागद, टिकल्या व मणी विकत आणावयास सांगण्याची प्रथा कित्येक शाळांतून पडली आहे. मोलमजुरी करणाऱ्या पालकांस हा खर्च जड जातो, आणि ज्याला सामान आणता येत नाही तो मुलगा त्या दिवशी शाळेतच येत नाही. १९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेने हस्तोद्योगास शिक्षणाच्या केंद्रस्थानी मानले, ते काही बाजारातून आणलेले साहित्य चिकटविण्यासाठी नव्हे. मूठ-दोन मुठी मेथीखेरीज ज्यास काही विकत आणावे लागत नाही, असे एक काम येथे सुचविले आहे.

कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करण्याची रीत आपल्या घरांतून जुनी आहे. ती जाणणाऱ्या आजीबाई गावात असल्यास त्यांना शाळेत सन्मानाने बोलवावे. छापील सूचनांपेक्षा त्यांचा हात पाहून मुले लवकर शिकतील.

भरलेल्या वह्या व वर्तमानपत्रे यांचा कागद घ्यावा. गुळगुळीत, चकाकणारा कागद लवकर भिजत नाही, तो वगळावा. कागद कात्रीने न कापता हाताने फाडावा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहून एकमेकांत गुंततात. तुकडे तीन-चार दिवस भिजत ठेवावेत व पाणी रोज बदलावे. मेथी आदल्या रात्री भिजवून पाट्यावर वाटावी. भिजलेल्या मेथीचा बुळबुळीतपणा डिंकाचे काम करतो. तिच्या कडूपणामुळे कीड लागत नाही अशीही घरोघरची समजूत आहे. कागद पिळून मेथीसह उखळात कुटावा. लगद्याचा गोळा तळहातावर दाबला असता कडा फाटल्या नाहीत, म्हणजे तो तयार झाला. फाटल्यास आणखी कुटावे. येथे घाई केल्यास पुढील सर्व श्रम वाया जातात.

पातेले किंवा घमेले उपडे घालून त्यावर जुन्या लुगड्याचा ओला तुकडा पसरावा, नाहीतर लगदा भांड्यास चिकटतो. मग ओल्या हाताने अर्धा बोट जाडीचा थर सर्वत्र सारखा थापावा. थर कमीजास्त झाल्यास पातळ भाग आधी सुकतो आणि तेथेच चीर पडते. सुकताना लगदा आकसतो, आतील भांडे आकसत नाही. म्हणून टोपलीने आकार धरताच, ती किंचित ओली असतानाच उतरवावी व पुढे सावलीत सुकवावी. हे कारण शिक्षकांनी आधी सांगू नये. एक टोपली मुद्दाम भांड्यावरच कडक उन्हात सुकू द्यावी आणि ती का तडकली हे मुलांना शोधू द्यावे.

सुकलेल्या टोपलीवर पिठाच्या खळीने कोऱ्या कागदाचा थर चिकटवून गेरूचा हात द्यावा. तोंडाच्या कडेला जुन्या साडीचा काठ शोभून दिसतो. थर्माकोल वापरू नये. महाराष्ट्रात २०१८ साली त्याच्या सजावटीवर बंदी घालण्यात आली. नक्षी मुलांवर सोपवावी. फळ्यावर नमुना काढून दिला की चाळीस सारख्या टोपल्या तयार होतात आणि त्यांतील एकही मुलाची नसते.

छपाईच्या शाईमुळे या टोपल्यांत खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत. खडू, सूत, सुया, बिया अशा कोरड्या वस्तूंस त्या उत्तम. प्रदर्शन आटोपल्यावर त्या कपाटामागे न टाकता काही वर्गात वापराव्यात व बाकीच्या मुलांनी घरी न्याव्यात. पावसाळ्यात मात्र त्या भुईवर न ठेवता फळीवर ठेवाव्यात.